आधी विकू नकोस

प्रिय दादा,

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. शेअर विक आणि आलेले पैसे मुलींच्या वसतिगृहाला दे, असं म्हटलं होतं. तसं करू नकोस. विकलेस तर वाढलेल्या किमतीवर तुला कर बसेल आणि वसतिगृहाच्या हाती तेवढं कमी पडेल. तेच शेअर जसेच्या तसे संस्थेच्या नावावर केलेस, तर आपल्याकडच्या नियमाप्रमाणे तो कर लागत नाही, आणि पूर्ण किमतीवर तुला सूटही मिळते. करसल्लागाराच्या ऑफिसात बसून मी हेच लोकांना रोज सांगते. मग सख्ख्या भावाला उलटं कसं सांगितलं, याचाच विचार करतेय.

मला वाटतं, आपल्या घरात वस्तू फक्त यायच्या. कुणाचा उसवलेला कोट, कुणाच्या मुलीचे बूट, पुढे कापूस कोंबून मी घातलेले. आई हसून घ्यायची आणि दार लावल्यावर म्हणायची, द्यायचं तर रोख द्यावं, माणसाला निवडू द्यावं. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. पण तुझे शेअर म्हणजे कुणाचे उतरलेले बूट नाहीत. कारखान्याने पगारवाढीऐवजी ते दिले तेव्हा बाकीच्यांनी मिळेल त्या भावाला फुंकून टाकले. तू म्हणालास, याची चहाची पुडीसुद्धा येत नाही, राहू देत.

नाव कुठे नको, पाटी लावायला मी काय मेलोय, असं तू म्हणतोस. पाटी नको, तसं संस्थेला लिहून देऊ. पावतीवर मात्र नाव हवंच, निनावी देणगीला सूट नाही. पावती कपाटात राहील, भिंतीवर नाही.

आणखी एक. सूट वर्षाच्या कमाईच्या ठरावीक भागापुरतीच मिळते. सगळं एकदम दिलंस तर बरीचशी वाया जाईल. म्हणून निम्मे शेअर आता दे, निम्मे पुढच्या वर्षी. हा नियम खरा आहे, आमच्या सरांना विचारून खात्री केली. पण तो सापडला तेव्हा मला जे हायसं वाटलं, ते कर वाचेल म्हणून नव्हतं, आणि तेच मनाला खातंय.

वहिनीने मला सांगितलंय. तुला दिव्याभोवती कडी दिसतात, वेल्डिंगचा सांधा बोटाने चाचपून बघावा लागतो, आणि डॉक्टरचं नाव काढलं की तू चष्म्याचा नंबर वाढला म्हणून उडवून लावतोस. तिच्यावर रागावू नकोस.

हे फोनवर सांगितलं असतं, तर तू नेहमीसारखं, अर्धी वकील म्हणेल तसं, म्हणून फोन ठेवला असतास. तू शाळा सोडून कामाला लागलास म्हणून मी त्या वसतिगृहात राहून शिकले. त्याच शिक्षणाच्या जोरावर, नियमाच्या आडून तुला हवं तिकडे वळवणं मला जमणार नाही. म्हणून कर आणि तुझे डोळे, ही माझी दोन्ही कारणं वेगवेगळी लिहिली. राहिलेले निम्मे डोळ्यांना लागले तर ते तुझे. नाही लागले तर पुढच्या वर्षी मीच तुझ्याबरोबर द्यायला येईन. पटत नसेल तर भांड माझ्याशी, पण नुसतं हो म्हणू नकोस. ब्रोकरकडे तू शुक्रवारी जाणार आहेस. मी रजा टाकलीय, त्याआधीच येतेय. आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ, मग भांडू. गुरुवारी, बारा तारखेला.

तुझीच,
अर्धी वकील