अक्काच्या वाटणीचं ऊन

चि. चारुशीलेस,

पहाटे कुठे तुझा डोळा लागला, म्हणून उठवलं नाही. अक्काच्या अस्थी घेऊन मी माहुलीला संगमावर चाललो आहे. दुपारी येईन.

फडताळात झाकलेलं दूध तुझं आहे. मांजराला पाजलंस तर त्याची हाडं बळकट होतील. त्याची हाडांबद्दल काही तक्रार नाही. नाचणीची भाकरी मी थापली आहे. तिळाची चटणी लावलीस तर ती भाकरीच आहे हे पटेल.

अक्का, माझी बहीण, लहानपणी विधवा झाली आणि माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात एकवेळ जेवून म्हातारी झाली. पाटावरून उठताना खुबा मोडला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "दादासाहेब, हाडं दुधानं, उन्हानं आणि चालण्यानं बळ धरतात. यांना यातलं काहीच मिळालेलं दिसत नाही." सोवळं मात्र आम्ही तिला भरपूर दिलं होतं.

जावई गेल्यापासून तूही त्याच कोपऱ्यात बसतेस. तिथे आता मी सरपण रचलं आहे. घोंगडी अंगणात घातली आहे, तुझ्या वहाणाही तिथेच आहेत. मी येईन तेव्हा तू उन्हात दिसली पाहिजेस. शेजारच्या गोदूकाकू बोलतीलच. त्यांना सांग, बापाचं डोकं फिरलंय. माझा जन्मभराचा लौकिक तेवढ्यापुरता तरी उपयोगी पडेल.

परसातल्या झाडाला टांगलेलं अक्काच्या अस्थींचं गाठोडं आत्ता काढलं. करंगळीनं उचललं गं, चारू. तुझं कुणाला असं उचलता येऊ नये.

तुझा
दादा