गोलाईच्या रोशनीतले माझे अष्टक

लातूर. कार्तिक शु. ४, शके १८५९. सकाळी.
आनंदाची वार्ता. त्रिपुरी पौर्णिमेच्या रात्री गोलाईत, बाजारातल्या गोल चौकात, मोठी रोशनी होणार. भजन, सोंगे, कव्वाली. शिवाय मधोमध लाकडी फ्रेम उभारून तिच्यावर दिव्यांनी कविता लिहायची. कविता अर्थात माझी. शिवमूर्ती आप्पा (करडईचे आडते, कमिटीचे प्रेसिडेंट, तेल त्यांचेच) रस्त्यात थांबवून म्हणाले, गुर्जी, तुम्ही रिकामेच हाव, द्या कायतरी लिहून.
चाळीस वर्षे कविता करतो आहे, गावाने एक ओळ वाचलेली नाही. आता सारे लातूर मान वर करून वाचील. संकल्प : एक मात्राही कुणाला बदलू देणार नाही.

शु. ६.
'प्रकाशाष्टक' पूर्ण. आठ श्लोक, शार्दूलविक्रीडित. लिहिताना सारखी आमची जुनी शाळा डोळ्यांपुढे. सारवलेली जमीन, आम्ही तीस पोरे, श्लोक म्हणताना सगळ्यांची एक चाल. हल्लीच्या पोरांना चालच माहीत नाही. डोळे भरून आले. (चुलीचा धूरही होता.)
कुटुंबाला, लक्ष्मीबाईला, म्हणून दाखवले. तिसऱ्या श्लोकाला ती 'भाजी लागंल' म्हणून उठली. मागाहून पाहिले, चुलीवर काहीच नव्हते. गहिवर लपवायची बायकांची ही रीत.

शु. ८.
फ्रेम करणाऱ्या चंद्रप्पा सुताराने गणित घातले. एका अक्षराला पंचवीस दिवे. अष्टकाला पंधरा हजार दोनशे. कमिटीकडे आहेत तीनशे. म्हणाला, गुर्जी, एवढ्या दिव्यांत तर औशापतुर उजेड पडंल. त्याला काव्यातले काय कळते!
तरी बारा अक्षरांची एक ओळ करून दिली. संक्षेप हाच काव्याचा प्राण, हे मी पहिल्यापासून म्हणत आलो आहे. आता यातले एक अक्षरही कमी होणार नाही.

शु. १०. रात्री.
आप्पांनी दोनशे दिवे आपल्या पेढीच्या दारावर लावायचे ठरवले. उरले शंभर. म्हणजे चार अक्षरे. मी थोडी तकरार केली. ते म्हणाले, मग तेल घरून आणता का?
'तेजोमय' दिले. घरी येऊन तीनदा मोठ्याने म्हटले. आठ श्लोक एका शब्दात मावले! लक्ष्मीबाई म्हणाली, आता कसं, ऐकायलाबी बरं वाटतंय. इतके सरळ कौतुक लग्नापासून प्रथमच.

शु. १२. दुपारी.
नवीच अडचण. गोलाईला सोळा रस्ते. फ्रेम एका बाजूने वाचता येते, पाठीमागच्यांना सगळे उलटे. आणि आप्पांची पेढी नेमकी पाठीमागे. आप्पा तापले. तेल आमचं अन् आम्हीच उलटं वाचावं का? मी सुचवले, त्या रात्री आपण पुढल्या अंगाला येऊन उभे राहावे. ऐकेनात. फ्रेम फिरवावी, तर समोरचे कापडवाले रुसतात. मी निक्षून सांगितले, शब्द हलणार नाही.

त्याच दिवशी. संध्याकाळी.
शब्द हलला. तोड चंद्रप्पाने काढली. सोळाही रस्त्यांवरून सारखा दिसेल असा आकार एकच : उभा बांबू. साठ दिवे. आप्पा म्हणाले, मंजूर.
विचारांती मलाही पटले. श्लोक संपला की शेवटी उभी रेघ मारतातच. ही तीच. तिच्या आधीचे रसिक मनाने भरून काढतील. गावातले रसिक मोजून पाहिले. दोन. त्यांतला एक मुखेडला लेकीकडे गेला आहे.

पौर्णिमा. रात्री उशिरा.
बांबू अप्रतिम उजळला. मी धुवट उपरणे घालून जवळच उभा राहिलो, कुणी अर्थ विचारील म्हणून. तिघांनी विचारले. तिघांनीही कव्वाली कुठे चालली आहे हे विचारले.
लक्ष्मीबाई शेजारणींबरोबर येऊन गेली. म्हणाली, चांगला सरळ हाय की.
मग मुरुडचा व्यंकट नावाचा एक शेतकरी बाजारात घेतलेला नवा बैल घेऊन आला. त्याने बांबू वरपासून खालपर्यंत न्याहाळला. अखेर एक तरी भेटला! मी अष्टकाचा भावार्थ सांगू लागलो. त्याने बांबू हलवून पाहिला, पक्का हाय न्हवं, म्हणाला आणि बैल बांधला. मालक, तुम्ही हितंच हाव तर जरा ध्यान ठिवा, म्या कव्वाली ऐकून आलोच.
गेला.
मी घसा साफ केला. अष्टक पहिल्यापासून म्हटले, चालीवर, आठही श्लोक. श्रोता शेवटपर्यंत जागचा हलला नाही.
बांधलेला होता.