भिंतीकडे तोंड

तीर्थरूप अण्णा,

थंडी पडली की तुम्ही शिलाई मशीन खिडकीपासून ओढून भिंतीकडे तोंड करून बसायचात. काय झालं विचारलं की म्हणायचात, "काही नाही, दोरा ओवतोय." आम्हाला वाटायचं, तुम्ही आमच्यावर रुसलात. मग मीही बोलणं टाकलं, ते थेट तुम्ही जाईपर्यंत.

आता मशीन माझ्याकडे आहे. यंदा गारठा सुरू झाला आणि माझं मन कशातच लागेना. कारण म्हणाल तर काहीच नाही. काल बघते तर मशीन भिंतीला टेकलेलं. मीच ओढलं असणार, पण आठवत नाही.

मागून लेक म्हणाली, "आई, माझं काही चुकलं का?"

"काही नाही गं, दोरा ओवतेय." आवाज तुमचाच होता.

सुईत दोरा आधीच होता. तुमच्याही सुईत असायचा ना, अण्णा?

तुमची,
अबोला धरलेली धाकटी