साडेसहा हजार वेढे

२७ जानेवारी २०२३

पुन्हा तेच! कालच्या कार्यक्रमात गिटार मेलेली. पोत्यात तोंड घालून कोणी बोलावं तसा आवाज. पहिल्या तारेची ती चमक, तो झंकार – काहीच नाही. नुसतं टक्, टक्.

उतरल्यावर अश्विनला विचारलं. गातो तोच, आमची गाण्याची पार्टी चालवतो तोच, मिक्सरवर हातही त्याचाच. म्हणाला, "बराबर तं वाजली बे." त्याला काय! स्वतःचा गळा ऐकू आला की झालं.

दोष पिकअपचा आहे. नक्की!

३० जानेवारी

तांदळाच्या मिलला दांडी मारली. गिटार खोलली. अकरा वर्षं वाजवतो आणि आत काय आहे ते आज पहिल्यांदा पाहिलं. तारांखाली तीन पिकअप, बोटभर लांब. चुंबक, आणि त्याच्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार – हजारो वेढे. बस, एवढ्यावर सगळा खेळ!

मोबाइलवर दिवसभर वाचलं. वेढे जास्त तर आवाज जाड. वेढे कमी तर आवाज पातळ, धारदार. माझ्यात आठ हजारांच्या आसपास असावेत. म्हणजे कमी करायचे. सोपं आहे की!

रीना म्हणाली, "जेवता का त्याच्यातच बसता?"

२ फेब्रुवारी

दिवसभर मिलमध्ये पॉलिशरसमोर उभा. तांदूळ पडतोय, डोक्यात वेढे फिरतायत.

५ फेब्रुवारी

नागपूरहून मागवलेली तांब्याची तार आली. घेऊन मारोतरावांकडे गेलो. हायवेवर त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान, तीस वर्षं पंपाच्या मोटरी भरतात. रीळ उजेडात धरून म्हणाले, "जीवनभाऊ, हे तार हाय का कोळ्याचं जाळं?"

त्यांचं हातानं फिरवायचं मशीन मागितलं. वेढे मोजायचा काटा आहे त्याला. पहिल्यांदा नऊशेवर तार तुटली. मग दोन हजारांवर. मग चार हजार तीनशेवर – शिव्याच आल्या तोंडात! मारोतराव शांतपणे म्हणाले, "ओढू नका. तिले यीऊ द्या." चिमटीत कापसाचा बोळा धरून तार सोडायला शिकवलं. संध्याकाळी पाचला साडेसहा हजार पूर्ण. मीटर लावला – पाच किलो-ओहम, म्हणजे तार अखंड. माणूस जिवंत सापडल्यासारखा आनंद झाला.

उरलेले दोन पुढच्या रविवारी. धीर नाही मला! पण मशीन त्यांचं आहे.

१२ फेब्रुवारी

तिन्ही बसवले. सोल्डरचे डाग दिले. ॲम्प लावला. वाजवलं.

तेच. अगदी तेच!!

ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाचा नॉब, पूर्ण वर नेला. मनाली आतून पळत आली, दोन्ही कानांवर हात. "बाबा, बंद करा! सुई टोचून राहिली कानात!" रीना चुलीकडूनच, "गंज घासल्यासारखं वाटते मले तं."

पोरीला काय कळतं असं म्हणणार होतो. पण ती तर आमच्या पार्टीत कोरस गाते. तिचा सूर अश्विनसुद्धा मानतो.

१३ फेब्रुवारी

सुई म्हणे! मला तर उशी ऐकू येते.

१९ फेब्रुवारी

आता नॉबमागचे पॉट – नॉब फिरवला की आवाज कमी-जास्त करतात ते – बदलले, अडीचशे किलो-ओहमचे काढून पाचशेचे घातले. त्यानंही धार वाढते म्हणतात. मला थोडी वाढल्यासारखी वाटली. की वाटून घेतली?

संध्याकाळी अश्विनच्या अंगणात प्रॅक्टिस. मी पाणी प्यायला आत गेलो, येऊन बघतो तर ॲम्पचा ट्रेबल शून्यावर! अश्विननं केला. मी परत वर नेला. त्यानं परत खाली. चारचौघांत ओरडलो त्याच्यावर – "माझ्या गिटारीले हात नको लावू! पहिले आपले कान साफ करून घे!"

त्यानं हार्मोनियमचा भाता बंद केला, "आज राहू द्या" म्हणाला. लहानपणापासूनचा दोस्त. कधी असा गप्प बसत नाही. भांडतो तरी.

मनाली येताना वाटभर मागे मागे चालली.

२६ फेब्रुवारी

पिकअप शिट्टी मारतात म्हणे. मनालीचं म्हणणं. आत वेढे सैल राहिले की असं होतं, मेणात बुडवून काढायचे. मेणबत्त्या वितळवायला चहाचं पातेलं घेतलं. रीना जी भडकली! "सकाळी मेणाचा चहा पाजू का पाहुण्याले?"

आणि वर म्हणे फोन तीनदा वाजला, मी उचलला नाही. अगदी बाजूला होता. मी कामात होतो, सांगितलं.

२८ फेब्रुवारी

मिलमध्ये लाज गेली. चंद्रभागाबाई कोंडा झाडतात, त्या येऊन म्हणाल्या, "भाऊ, वरतं चाक रडून राहिलं केव्हाचं." वर जाऊन हात लावला तर एलिव्हेटरचं बेअरिंग तापून लाल व्हायच्या बेतात. मशीन बंद केलं. वेळेवर कळलं म्हणून बरं, नाहीतर पट्टा पेटला असता.

ऑपरेटर मी. बावीस वर्षांपासूनचा. आणि आवाज झाडणाऱ्या बाईला आला!

डोक्यात गिटार असते माझ्या. लक्ष नसतं. हेच कारण. दुसरं काय असणार.

५ मार्च

आज झालं ते लिहून ठेवतो.

मनालीनं मोबाइल आणला. म्हणाली, "बाबा, मी एक एक आवाज लावते. कोणता आवाज गिटारीत कमी आहे तुमच्या मते, ते सांगा. तेवढाच वाढवू." बी. एस्सी.ला आहे, तिला असलं जमतं. चांगली आयडिया वाटली मला.

पहिले जाड आवाज. ऐकू आले. मग वर, वर. एक बारीक आला, शिट्टीसारखा. मग बराच वेळ ती नुसती बसून.

म्हटलं, "लाव ना."

म्हणाली, "लावला आहे, बाबा."

मला वाटलं, थट्टा करते. मग तिच्याकडे पाहिलं. तिच्या कपाळावर आठ्या होत्या, एक कान खांद्याला दाबलेला. दारातून रीना ओरडली, "काय किरकिर लावली वं? बंद कर ते!"

रीना दारात होती. मोबाइल माझ्या पुढ्यात होता.

६ मार्च

मोबाइल खराब असेल.

७ मार्च

मारोतरावांचा मोबाइल मागून पाहिला. साठीचा माणूस. त्यांना येतो.

११ मार्च

भंडाऱ्याला कानाच्या दवाखान्यात. मनाली सोबत. काचेच्या खोलीत बसवलं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी दाबत होतो. मग दाबायचं थांबवलं. मग बाहेर बघितलं – तिथली बाई अजूनही मशीनच्या चकत्या फिरवत होती. म्हणजे आवाज चालू होते! अंदाजानं दोनदा दाबलं. चोरासारखं.

कागदावर रेघ काढून दिली. सुरुवातीला सरळ चालते आणि मग कडा कोसळावी तशी खाली. दोन्ही कानांची तीच गत.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "काम काय करता?" सांगितलं. "कानात काही घालता?" नाही. कोणीच घालत नाही. "आणि ड्रमजवळ उभे राहून गिटार," मनाली म्हणाली. बाईंनी पेन ठेवलं. "गेलेलं परत येत नाही हो. राहिलेलं जपा."

बसमध्ये मनाली खिडकीकडे बघत होती. मीही. चमक गिटारीतून गेलेलीच नव्हती. म्हणजे दीड महिना मी सोललं ते काय! पातळ करत गेलो, आणखी पातळ – आणि ऐकणाऱ्यांच्या कानात सुया खुपसत होतो.

१२ मार्च

रीनाला आणि मनालीला शपथ घातली. अश्विनला कळू द्यायचं नाही. रीना म्हणाली, "काऊन? त्यानं काय चोरी केली तुमची?"

बहिरा गिटारवाला कोण ठेवतो?

१९ मार्च

मिलमध्ये कानात बोळे घालून गेलो. चंद्रभागाबाईंना म्हटलं, चाक रडलं की मला लगेच सांगायचं, रोज. त्या हसल्या नाहीत. "सांगीन ना जी," म्हणाल्या.

गिटार भिंतीला. तिच्याकडे पाठ करून जेवतो.

२६ मार्च

मनालीनं खुंटीवरून गिटार उतरवली आणि माझ्या मांडीवर आणून ठेवली. "हात तुमचे, कान माझे. चला मारोतकाकांकडे."

म्हटलं, माझ्याच्यानं होणार नाही. म्हणाली, "वेढे डोळ्यांनी दिसतात ना?"

दिसतात!

मग परत मशीनवर. साडेसहा हजारांची सगळी तार कापून फेकली, नवीन भरली. आठ हजार. एकदाही तुटली नाही. मारोतराव मधेच म्हणाले, "आता तुमाले आमच्या दुकानात बसवतो." पॉट परत अडीचशेचे. मेण यावेळी जुन्या डब्यात.

घरी ॲम्पसमोर ती बसली डोळे मिटून. मी नॉब फिरवत एकच सूर परत परत वाजवला. "थोडं कमी... नाही, परत आणा... थांबा. हं." मला आधी आणि नंतर यात काडीचाही फरक कळला नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. तिच्या कपाळावरची आठी गेली, तेव्हा हात थांबवला.

रीना दारात येऊन उभी राहिली होती. ऐकत ऐकत बसलीच खाली.

२ एप्रिल

अश्विनला सांगून टाकलं. कागद त्याच्या हातात दिला. म्हटलं, "त्या दिवशी कानावरून तुले बोललो. कान माझेच खराब आहेत. दुसरा पाहून घे गिटारवाला."

त्यानं कागद उलटा धरला, सुलटा धरला. डोळे पुसले की घाम, कळलं नाही. "नॉब कोण ठरवन?" विचारलं.

"मनाली."

"मंग चौदाले दिघोरीले जायचं हाय. दोन वाजता तयार राय."

बस, एवढंच. मी दिवसभर भाषण तयार करून गेलो होतो!

१५ एप्रिल

काल जयंती, दिघोरी. एवढा अस्वस्थ तर पहिल्या कार्यक्रमाला नव्हतो. मनालीनं नॉबांवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा केलेल्या – "याच्या वर हात न्यायचा नाही, बाबा." कोरसमध्ये तिला माझ्या शेजारी उभं केलं. आवाज टोचला तर तिनं माझ्या पायावर पाय द्यायचा, असं ठरलेलं.

विहारासमोर मांडव, सगळं गाव. पहिलं गाणं. माझ्या कानाला तेच, उशी. बोटं सवयीनं चालली. दुसऱ्या गाण्याच्या मधल्या तुकड्यात मी एकटाच वाजवतो. तिथं पुढच्या रांगेतल्या बाया टाळी धरायला लागल्या. गाण्याला नाही – माझ्या तुकड्याला! कधी असं झालं नव्हतं. मनालीच्या पायाकडे पाहिलं. हलला नाही. शेवटपर्यंत हलला नाही!

सामान आवरताना तिथल्या समितीचे मधुकरराव आले. म्हातारे, दर जयंतीला तेच बोलावतात आम्हाला. माझा हात धरला. "मस्त! औंदा परत गिटार आणली तुमी, लय बरं केलं. रंग आला कार्यक्रमाले."

म्हटलं, "काका, दर सालीच असते."

ते हसले. "असन बाप्पा. आमाले तं आजच आयकू आली."

गाडीत मी मनालीला विचारलं, ते असं काय म्हणाले? ती म्हणाली, "अश्विनकाकाले विचारा." आणि झोपल्याचं सोंग घेतलं.

१६ एप्रिल

गेलो अश्विनकडे. विचारलं.

"दोन साल झाले," तो म्हणाला. "मिक्सरवर तुयी लाइन बंदच ठेवत होतो. तुया ॲम्प तुयापुरता चालू राय. तू ट्रेबल चढवत जाय अन् लोकं कानावर हात ठेवून उठून जात होते बे."

"मंग मले काढलं काऊन नाई?"

"काढलं असतं तं तू पुन्हा या अंगणात आला असता का?"

उठून चालायला लागलो. त्याची बायको चहा घेऊन बाहेर येत होती, तिच्याकडे पाहिलंही नाही. शाळेपर्यंत आलो. राग यायची वाट पाहत उभा राहिलो. आला नाही.

परत फिरलो. चहा थंड झाला होता. दोघांनी तोच प्यायला.