दोन जावांची चित्रं

हिंगोली,
१५ डिसेंबर १९७५

प्रिय कालिंदी,

जयभीम. इकडे सगळे ठीक. तू ठीक आहेस ना, हे मुद्दाम विचारते आहे. कारण पुढे येईल.

शाळेतल्या मुलींना घेऊन औरंगाबादला जाऊन आले. महिला वर्ष संपत आलं तेव्हा तिथल्या एका संग्रहालयाला आठवलं, की बायाही चित्रं काढतात. एसटी औंढ्याला बंद पडली. दोघींना गाडी लागली. पोहोचलो तर दालनात तलवारी. शिपायाला विचारलं. "बायांची चित्रं व्हय? ती मागं, पाण्याच्या टाकीपाशी."

ओल आलेला बोळ. दिवा नाही. चित्रकलेची बाई म्हणून मी मुलींना काय दाखवायचं?

तू लग्नाआधी काढलेली कयाधू नदी तिथं आहे. आपल्या चित्रकलेच्या सरांनी दिलेली. उन्हाळ्यातली वाळू आणि एकच हंडा. शेजारी दुसरं चित्र, चूल विझल्यानंतरचं स्वयंपाकघर. खाली नाव : सौ. तारा, गोरेगाव.

लग्नात विश्वंभररावांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं काढलेलं तुझं नवं नाव. मी हे सांगणार, तोच तिथले अधिकारी मला समजावू लागले, "या दोघी जावा असाव्यात. धाकटीवर थोरलीचा प्रभाव स्पष्ट दिसतो. थोरलीत मात्र ताकद होती."

होती.

मग मी कयाधूखालची पाटी नीट वाचली. 'कालिंदी'च्या आधी 'कै.' आहे.

सातवीतली सोजरा म्हणाली, "बाई, इथं काय मेलेल्या बायाच लावून राहिले?"

मी भांडले. "अहो, दिवाळीला तिनं मला चकल्या पाठवल्यात!"

ते शांतपणे म्हणाले, "आमचा माणूस तुमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावला घरी जाऊन आला. एक बाई दारात आल्या. कालिंदीबाई इथंच राहतात का, विचारलं. म्हणाल्या, ती आता नाही. मी तारा. मग भिंतीवरचं स्वतःचं चित्र त्यांनीच उतरवून दिलं. आमचं काय चुकलं?"

आता मी कोणावर चिडू? तुझ्या सासूबाई मागे उभ्या असतील, एवढं मला कळतं. पण चित्र द्यायची हिंमत झाली आणि नाव सांगायची झाली नाही, हे कळत नाही. आमच्यात लग्नात नाव बदलत नाहीत, म्हणून कळत नसेल.

चित्रकर्तीनं स्वतः येऊन सांगितलं तरच पाटी बदलू, म्हणतात. महिनाअखेर प्रदर्शन उठेल. मग चित्रं कोठीत, पाट्यांसकट. पुन्हा कोण काढतंय?

येत्या रविवारी पहिल्या एसटीनं गोरेगावला येते. घरात विचार किंवा विचारू नकोस. चपला घालून बाहेर ये, तशाच औरंगाबादला जाऊ. आली नाहीस तर मी परत जाईन, आणि त्या पाटीबद्दल कोणाशी भांडणार नाही.

पाकिटावर सौ. तारा लिहिलं आहे, नाहीतर पोस्टमन देणार नाही. आत ज्या नावानं लिहिलं, ती बाई वाचते आहे असं धरून,

तुझी,
चांगुणा