कोलारची सरजाबाई

५ एप्रिल १९८३, मंगळवार

आजी गेली. रविवारी दुपारी. काल लिहवलं नाही.

घरात माणसंच माणसं, आणि त्यांना द्यायला पाणी नाही! माय घरोघर फिरून तांब्या-तांब्या गोळा करत होती. विहिरीचा तळ दिसून राहिलाय. टँकर येतो तो आधी अमृतराव सरपंचांच्या आळीत. आमच्या वस्तीपर्यंत पोचतो तेव्हा नुसता खडखडाट.

शेवटचा घोट आजीला मीच पाजला. म्हणाली, "पोदुम."

माय म्हणाली, "वाताच्या भरात काहीबी बोलून राहिली."

वात नव्हता. पोदुम म्हणजे पुरे. मला कळलं.

६ एप्रिल

बाबा आज लातूरला परत गेले. लातूर जिल्हा झाल्यापासून त्यांची बदली तिथल्या कचेरीत, शिपाई म्हणून. रडले नाहीत.

सतरा तारखेला पुण्यानुमोदन. आजीबद्दल कुणीतरी बोलायचं. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बोला ना."

"तू कॉलेजात शिकून राहिलीस. तूच बोल."

मग चपला घालता घालता — "आणि ते सोन्याच्या खाणीचं काढू नको. लोक हसतात."

८ एप्रिल

काय बोलू? कुठून सुरू करू?

आजीचा जन्म देवणीकडचा. शेजारची शरणम्मा कानडी घरातली, तिच्यासंगं खेळता खेळता कानडी आली. बाराव्या वर्षी लग्न. काही वर्षांनी दुष्काळ पडला आणि आजोबांच्या कानावर आलं — कोलारला सोन्याच्या खाणीत माणसं लागतात. निघाले! बिदरच्या पुढपर्यंत पायी, मग आगगाडी. आजोबा खाणीत उतरायचे, आजी वर दगड निवडायची. चाळीत सगळी तमिळ माणसं.

"पयले सा महिने मी मुकीच व्हते बघ," ती सांगायची. "मग म्हणलं, असं कसं जमंल? रोज एक शब्द धरायचा. भांडणातले आधी शिकले!"

भाजीवाली तेलुगू, म्हणून तेलुगू. बाबांचा जन्म तिथलाच. बाबा नऊ वर्षांचे असताना खाणीत दरड कोसळली. आजोबा वर आले नाहीत.

आजीनं बाबांना इथं गावात चुलत्यापाशी ठेवलं आणि स्वतः हैदराबादला गेली. दवाखान्यात आया. तिथल्या एका नर्सच्या मागं लागून उर्दू लिहा-वाचायला शिकली. आमच्या वस्तीतली बाई, त्या काळात, उर्दूत सही करायची! माझी आजी!

छप्पन साली दीक्षेला नागपूर. साठी उलटल्यावर एकटी बुद्धगयेला. मी तेव्हा लहान. विचारलं, "काय आणलंस?"

"एका सिंहली भन्तेजीचे चार शब्द आणलेत. बस, सांगते."

मला पेढे हवे होते.

गावानं ह्यातलं निम्मं कधी खरं मानलं नाही. नागपूर ठीक, हैदराबाद ठीक. पण कोलार? "सरजाबाई सोन्याच्या खाणीत व्हती म्हणं! मग कानात काडी का?" बाबांना कुणी विचारलं तर म्हणायचे, "मला काही आठवत न्हाई. म्हातारीचं मनावर घेऊ नका."

आजी ऐकायची.

९ एप्रिल

टँकर आला नाही.

११ एप्रिल

नव्या जिल्ह्याच्या कचेरीतून दुष्काळासाठी बोअर मंजूर झालाय. आमच्या वस्तीसाठी! ओव्हरशियर येऊन विहारामागं चुन्याची फुली मारून गेला. माय दिवसातून चारदा जाऊन बघते, फुली आहे का.

१२ एप्रिल

आज हसू आलं. अहमदपूरच्या बसस्टँडवर आजीला एकटं सोडायची सोय नव्हती. कुणी परमुलखातला दिसला की त्याच्याशेजारी जाऊन बसणार — "दादा, तुमच्याकडं ह्याला काय म्हन्त्यात?" पिशवीला, चपलेला, शिंकेला! एकदा असं करता करता तीन एस.टी. गेल्या. मी रडकुंडीला आले. आजी खुशीत! नांदेडच्या एका शीख ड्रायव्हरकडून तिला शिव्या मिळाल्या होत्या, पंजाबीत. मागून घेतलेल्या.

मला मांडीवर घेऊन तमिळच बोलायची. बाबा घरात नसताना.

१३ एप्रिल

आजचं सगळं लिहितेच.

दुपारी बोअरची गाडी आली. केवढी थोरली! सगळं गाव मागं पळालं. गाडीवरची माणसं तमिळ मुलखातली. त्यांचा हिंदी बोलणारा मुकादम डिझेलसाठी लातूरलाच थांबलेला.

गाडी चावडीपाशी आली आणि बघते तर काय — अमृतरावांच्या मळ्याच्या कडेलाही चुन्याची फुली! आपली जुनी, पावलांनी फिकी झालेली. त्यांची कोरी करकरीत. अमृतराव हातवारे करून ड्रायव्हरला तिकडं वळवत होते. आमच्याकडचे शेषेराव मधी गेले, "मालक, आमचा हाय बोअर." त्यांना कुणीतरी मागं ओढलं. आरडाओरडा. ड्रायव्हर एकदा इकडं बघे, एकदा तिकडं. त्याला अक्षर कळत नव्हतं. त्यानं गाडी मळ्याकडं वळवायला घेतली.

मी पुढं कशी गेले माहीत नाही. दाराची मूठ धरली. आणि तोंडातून काय निघालं — "साप्टिया?"

जेवलास का! मला दुसरं यायचं कुठं? लेकराशी बोलायचे तेवढे शब्द!

त्यानं इंजिन बंद केलं. माझ्याकडं बघतच राहिला.

मी म्हटलं, "इंग वा." इकडं ये. विहाराकडं बोट केलं. "तण्णी इल्ले." पाणी नाही. तो भराभर काहीतरी बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. मग आजी म्हणायची ते आठवलं, "तेरियाद." ठाऊक नाही. तो मोठ्यानं हसला. मला रडायला येत होतं. मी परत म्हटलं, "इंग वा, कण्णू. इंग वा." कण्णू म्हणजे सोन्या, बाळा! पन्नाशीचा मिशीवाला बाप्या!

"अगं ए पोरी, काय सांगून राहिलीस त्याला?" अमृतराव.

"या म्हणून राहिले, काका. आमच्याकडं."

ड्रायव्हर उतरला. माझ्यासोबत चालत विहारामागं आला, बसून फिकी फुली बघितली. मग मळ्याकडची जाऊन बघितली. तिच्यावर बोट फिरवलं — चुना अजून ओला! बोट वर करून सगळ्या गावाला दाखवलं. अमृतराव धोतराचा सोगा झटकून निघून गेले.

गाडी आमच्याकडं आली.

१४ एप्रिल

जयंती. सुतकाचं घर म्हणून यंदा आम्ही मिरवणुकीत नाही. पण मिरवणूकच झाली नाही — सगळे बोअरपाशी! सकाळपासून नुसता धुरळा. चेहरे पांढरे फटक. दुपारपर्यंत कोरडा दगड. केवळाकाकू घागर उपडी घालून तिच्यावर बसून राहिली.

चार वाजता धुरळ्याचा रंग बदलला. मग चिखल. मग पाणी! लई मोठं नाही, पण हापसा चालेल एवढं आहे. लोक नाचले. आणि माय मला धरून म्हणाली, "सासूबाईचं पानी हाय हे."

ती आजीला कधी सासूबाई म्हणायची नाही. नुसतं "म्हातारी".

१५ एप्रिल

मुकादम आला. आता बोलणं सोपं झालं. ड्रायव्हरचं नाव पळनी. सेलमकडचा.

पळनी काय म्हणतो ते मुकादमानं हिंदीतून सांगितलं — "ही पोरगी तमिळ बोलते, पण आमच्याकडचं नाही. मधीच कानडी, मधीच तेलुगू. असं फक्त कोलारच्या खाणीतली माणसं बोलतात. माझी आत्या दिलीय तिथं. हिला कुणी शिकवलं?"

"माझ्या आजीनं."

अर्धं गाव उभं होतं. मी मुकादमाला म्हटलं, "परत सांगा. जोरात सांगा."

त्यानं जोरात सांगितलं.

आजी, ऐकलंस? खरं होतं सगळं!

सतरा तारखेला खाणीचं बोलणार. बाबांना राग आला तर येऊ दे.

१६ एप्रिल

गाडी पुढच्या गावी गेली. पळनी म्हणाला, उद्या माणसं घेऊन येतो, पाट्टीसाठी. पाट्टी म्हणजे आजी.

१७ एप्रिल, रविवार

बोलले. सगळं बोलले — कोलार, खाण, दरड. कुणी हसलं नाही. बाबा मान खाली घालून बसलेले.

नंतर पळनी दारात आला. मी माझं मोडकं-तोडकं सुरू केलं. बाबा उठले. मला हातानं बाजूला केलं आणि त्याच्याशी बोलायला लागले. तमिळमध्ये. अडखळले नाहीत, थांबले नाहीत. बोलता बोलता रडायला लागले, रडता रडताही बोलतच होते.

मायच्या हातातला तांब्या तसाच राहिला. मला म्हणाली, "तीस वरसं झाली लग्नाला, पंचशीले. ह्यो मानूस मी आज बघून राहिले."