जाळ्यांची गाडी बर्फावर

हिरॉन बेट
४ एप्रिल १९५३

ती. सौ. साइमाताईस,
धाकट्या लेम्पीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि वेलदोड्याचा पाव पोचला. पाव जरा भिजला होता, कारण निलो टपालवाला हल्ली होडी निम्मी बर्फावरून ओढत आणि निम्मी पाण्यातून वल्हवत आणतो. बर्फावरचा गाडीरस्ता बंद झाल्यापासून आमच्याकडे त्याच्याशिवाय कुणी फिरकत नाही.

मुद्द्याचं लिहिते. पानगळीत आमची मासेमारीची जाळी जळली तेव्हापासून तुझा मेहुणा ओन्नी गप्प गप्पच असतो. त्यात त्याच्या भावानं डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यातल्या नोकरीचा कागद पाठवलाय. सही करून टाकतो म्हणतो. मी त्याला बजावलं, ताईनं आणि तिथल्या बायकांनी हिवाळाभर डोळे फोडून आपल्यासाठी नवी जाळी विणलीत, पहिल्या बोटीनं येतील, तोवर दम धर. धरतो म्हणालाय, पण सामानाची पेटी माळ्यावरून खाली आलीय. ताई, मला हे बेट सोडून कारखान्याच्या धुरात जायचं नाही गं. जाळी जिवापाड सांभाळ.

भावोजींची खटारा गाडी यंदा सरोवराच्या बर्फावर उभी केली, हे ऐकून आम्ही पोट धरधरून हसलो. बर्फ फुटून ती कुठल्या दिवशी बुडणार या पैजेची तिकिटं इथंही सगळ्यांनी घेतलीत. ओन्नीनं बारा तारीख लावलीय. तिच्यात बसून आमची जी हाडं खिळखिळी झाली, त्यांना शांती मिळेल.

मुलं मावशीची आठवण काढतात. आहे तशीच माया राहू दे.
तुझी,
लेम्पी

ऑटर बे
१२ एप्रिल १९५३

चि. सौ. लेम्पीस अनेक आशीर्वाद,

हे पत्र तुझ्या हाती कधी पडेल देव जाणे. दोन दिवस वादळानं नुसता हैदोस घातलाय. एप्रिलात कुणी असं बर्फ पाहिलंय का? दार उघडायला खिडकीतून उडी मारून बाहेर जावं लागलं. बर्फ काढणारी गाडीच मोठ्या रस्त्यावर खड्ड्यात जाऊन बसलीय, आणि तिला काढायला गेलेली तिच्या शेजारी.

लेम्पे, अक्षर लावून घे. आज सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर लोटलं होतं, बर्फ फुटायला आलं म्हणून. मी हसत तुझ्या भावोजींना, आर्वोला म्हटलं, चला, आपली गाडी निघाली. तेव्हा हा बाबा मला विचारतो, की मागच्या डिकीतली जाळी मी कोठीत नीट ठेवली ना! माझ्या तोंडचं पाणीच पळालं. मार्चात तुमच्याकडे आणायला म्हणून आम्हीच ती गाडीत भरली होती. मग रस्ता बंद झाला, मी लेकीच्या बाळंतपणाला गेले. मला वाटलं यानं काढली, याला वाटलं मी काढली. आणि गावातली पोरं आली नि पैजेसाठी गाडी ओढून बर्फावर घेऊन गेली.

आर्वो कमरेला दोर बांधून धावला. मी आणि शेजाऱ्यांनी ओढून आणला नसता तर आज मी विधवा असते. तोफ उडाल्यासारखा आवाज झाला, आणि बर्फाचा तो अख्खा तुकडा गाडीसकट सुटला. पश्चिमेचा वारा त्याला पाठीत ढकलत होता. बघता बघता हिमात दिसेनासा झाला. लोक टाळ्या पिटत होते आणि मी भर किनाऱ्यावर भोकाड पसरलं.

आर्वो तेव्हापासून जेवलेला नाही. मी त्याला बोलायचं ते सगळं बोलून घेतलंय, आता माझीच जीभ दुखतेय. ओन्नीच्या पाया पडते म्हणावं, सही करू नकोस. मी उद्यापासून पुन्हा विणायला बसते. मला माफ कर गं.

लोभ ठेव म्हणायला आज तोंड नाही, तरी ठेव.
तुझी अभागी,
साइमा

हिरॉन बेट
१३ एप्रिल १९५३

ती. सौ. साइमाताईस,
लेम्पीचा सा. न. वि. वि.

ताई, ताई, ताई! निलो अजून तिकडेच अडकलाय, तुझं काही पत्र नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. आधी बसून घे.

काल दुपारी वादळ जरा निवळलं, तोच शेजारच्या केर्तूकाकू दार बडवत आल्या, की पाण्यावरून मोटार येतेय. मला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. जाऊन बघते तर खरंच! बर्फाच्या तुकड्यावर बसून गाडी चाललीय, घटकेत तोंड तुमच्याकडे, घटकेत आमच्याकडे. हिरवं दार पाहताच ओळखली. सगळं बेट किनाऱ्यावर नाचत होतं, बारा तारीखवाले तर ‘बूड, बूड!’ म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत होते. ओन्नी त्यांच्यात सगळ्यांत पुढे. किती महिन्यांनी त्याला हसताना पाहिलं!

तुकडा आमच्या खडकांवर आदळला, पुढची चाकं पाण्यात गेली. तर हा कुऱ्हाड घेऊन निघाला! भावोजींचं जादा चाक चांगलं आहे, ते काढून घेतो म्हणे. भंगारासाठी जीव घालवतोस का मेल्या, म्हणून मी घसा बसेतो ओरडले. पण ऐकेल तर ना. यानं डिकी फोडली, आत वाकला, तो वाकलेलाच राहिला. मला वाटलं छातीत कळ आली. मी तशीच बर्फावर धावले. जवळ जाऊन बघते, तर दोन्ही मुठींत जाळं धरून त्यात तोंड खुपसून हा ढसाढसा रडतोय.

तेवढ्यात गाडी कुरकुरली. ओन्नीनं अशी आरोळी ठोकली की अख्खं बेट बर्फावर धावलं. खडकांपासून गाडीपर्यंत रांग लागली, केर्तूकाकूसुद्धा. तुम्ही विणलेलं एक एक जाळं हातोहात किनाऱ्यावर आलं. शेवटचं निघालं आणि गाडी आपली आपण खाली गेली. तिच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

यात घोळ कुणी घातला ते मी विचारत नाही. तुझ्या घरी काय रणकंदन झालं असेल ते इथं बसून ऐकू येतंय. भावोजींना आता एक शब्द बोलू नकोस, माझी शपथ आहे. त्यांना पोटभर जेवायला घाल.

घरभर जाळी पसरलीत, मुलं त्यांच्यावरून उड्या मारतायत. ओन्नी पहाटेच होडीला डांबर फासायला गेला. जाताना मला सांगून गेला, डेट्रॉइटला कळव, येत नाही म्हणून. ते पत्र अजून लिहायचंय. आधी तुला लिहिलं.

मायेत काही कमी करू नकोस.
तुझी, हिरॉन बेटाचीच,
लेम्पी